विश्लेषण : कुलूपबंद समाजमंदिरांतून वस्तीचे केंद्र उभे राहील का?

पुण्याच्या जवळपास प्रत्येक प्रभागात महापालिकेची एखादी तरी छोटी वास्तू असते. कोठे समाजमंदिर, कोठे विरंगुळा केंद्र, कोठे अभ्यासिका, तर कोठे बंद पडलेली व्यायामशाळा. यातील काही जागा उत्तम चालतात. काही दिवसातून दोन तास उघडतात. काहींचे कुलूप उद्घाटनानंतर फारसे निघालेलेच नसते. त्याच वस्तीत अंगणवाडी भाड्याच्या लहानशा खोलीत भरते, बचत गटाची बैठक कोणाच्या तरी दारात होते आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले खासगी अभ्यासिकेला महिन्याचे पैसे मोजतात. जागा आहे आणि गरजही आहे, पण दोन्हींची गाठ पडत नाही. त्यावर अनेक गरजा एकाच छताखाली आणणाऱ्या ‘सामायिक केंद्रा’चा पर्याय मांडला जातो. तो व्यवहारात उतरेल का, हे इमारतीपेक्षा तिच्या किल्लीवर अवलंबून आहे.

हा विषय आताच का महत्त्वाचा?

पुणे महापालिकेच्या मागील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. नव्या सभागृहाबरोबर नवी कामे येतात आणि प्रभागातील कामांच्या यादीत समाजमंदिर, अभ्यासिका, विरंगुळा केंद्र यांना नेहमीच वरचे स्थान असते. पुण्यात ‘स यादी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निधीतून अशा अनेक वास्तू उभ्या राहिल्या. आधीच्या वास्तूंचा हिशेब न मांडता पुन्हा नव्या इमारती बांधल्या, तर कुलपांची संख्या तेवढी वाढेल.

दुसरे कारण शहराच्या वाढीचे आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे वेगळी करण्यात आली. उरलेल्या गावांत ग्रामपंचायतींची जुनी कार्यालये, चावड्या, समाजमंदिरे आहेत आणि तीही आता महापालिकेची झाली. गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातल्या या जागा कागदावर ‘मिळकत’ झाल्या आहेत. त्यांचे पुढे काय करायचे, हा निर्णय आता घेतला नाही तर तो परिस्थिती घेईल. म्हणजे ज्याचा ताबा, त्याची जागा.

महापालिकेकडे या जागा येतात कोठून?

तीन मार्गांनी. पहिला मार्ग महापालिकेने स्वतः बांधलेल्या वास्तूंचा. दुसरा विकास आराखड्यातील आरक्षणांचा, ज्यात जागा ताब्यात आल्यावर नियोजित वापर सुरू व्हावा लागतो. तिसरा मार्ग ‘ॲमेनिटी स्पेस’चा, म्हणजे सुविधा क्षेत्राचा. मोठा गृहप्रकल्प उभारताना बिल्डरने सार्वजनिक सुविधांसाठी जमिनीचा ठरावीक भाग सोडायचा, अशी ही तरतूद आहे. पुण्याच्या जुन्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या भूखंडांसाठी हे प्रमाण १५ टक्के होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकीकृत नियमावली लागू झाली आणि ते कमी झाले. त्यावरून पुण्यात मोठा वाद झाला.

२०२१ मध्ये महापालिकेने अशा जागा दीर्घ मुदतीने भाडेकराराने देण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा नागरिक संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. विरोधाचा मुद्दा साधा होता. सुविधेसाठी मिळालेली जागा उत्पन्नासाठी गेली, तर त्या परिसराला ती सुविधा पुन्हा मिळणार नाही. दाट वस्तीच्या मध्यभागी नवी जमीन घेणे कोणत्याही महापालिकेला आज परवडत नाही. म्हणून हातात आहे तो तुकडाच शेवटचा समजून वापरला पाहिजे.

जागा असूनही त्या बंद का राहतात?

याचे मूळ खातेवाटपात आहे. इमारत भवन रचना विभाग बांधतो. नोंद मालमत्ता व व्यवस्थापन विभागाकडे असते. वापर समाज विकास, आरोग्य किंवा क्रीडा विभागाने करायचा असतो. वीजबिल आणि झाडलोट क्षेत्रीय कार्यालयाच्या गळ्यात पडते. अंगणवाडी तर महापालिकेचीही नसते. ती राज्याच्या महिला व बालविकास खात्याच्या एकात्मिक बालविकास योजनेतून चालते. प्रत्येकाचे अंदाजपत्रकातील शीर्ष वेगळे, म्हणून प्रत्येकाला स्वतःची स्वतंत्र जागा हवी असते.

याचा परिणाम विचित्र होतो. नियमानुसार साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी लागते. शहरात एवढ्या जागा मिळवणे खात्याला जमत नाही, म्हणून भाड्याची खोली शोधली जाते. तेथून जवळच महापालिकेचे सभागृह सकाळी नऊ ते दुपारी एक रिकामे असते. पण ते ‘दुसऱ्या खात्याचे’ असते. या दोन टेबलांमध्ये पत्रव्यवहार होईपर्यंत मुलांची बॅच पहिलीत गेलेली असते.

दुसरे कारण चालवण्याच्या खर्चाचे. बांधकामाला निधी मिळतो, कारण बांधकामाचे उद्घाटन होते. पाण्याची टाकी धुणे, नळ बदलणे, स्वच्छतागृह रोज साफ करणे, किल्ली सांभाळणाऱ्याला वेतन देणे, या कामांचे उद्घाटन होत नाही. त्यामुळे त्यांची तरतूद शेवटी होते किंवा होतच नाही. पहिल्याच पावसाळ्यात गळती सुरू होते, स्वच्छतागृह तुंबते आणि कोणीतरी दाराला कुलूप लावतो.

सामायिक केंद्र म्हणजे नेमके काय?

एकाच वास्तूचा दिवसभरात आळीपाळीने अनेकांनी वापर करणे, ही त्यामागील साधी कल्पना. सकाळी सहा ते साडेआठ ज्येष्ठांचे योगवर्ग. नऊ ते एक अंगणवाडी. दुपारी दोन ते चार बचत गट, शिलाईचे वर्ग किंवा ठरलेल्या वारी आरोग्य तपासणी. शाळा सुटल्यावर घरकामाला किंवा मजुरीला गेलेल्या पालकांच्या मुलांसाठी दोन तास. संध्याकाळी सात ते रात्री दहा अभ्यासिका. सकाळी सहा ते रात्री दहा हे सोळा तास धरले, तर एकाच संस्थेच्या ताब्यातील सभागृह त्यातले तीन-चार तासच राबते. उरलेले तास वाया जातात आणि त्या तासांसाठी कोणीतरी दुसरी इमारत मागत असतो.

मात्र सगळेच सगळ्यांबरोबर वाटून घेता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. अंगणवाडीचा शिधा, वजनकाटा आणि खेळणी रोज उचलून ठेवता येत नाहीत. आरोग्य तपासणीला आडोसा लागतो. अभ्यासिकेच्या वेळी शेजारी ढोल-ताशाचा सराव चालत नाही. म्हणून अशा केंद्रात एक मोठे सभागृह, दोन लहान खोल्या, प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र कुलपाची कपाटे, स्वयंपाकाचा ओटा आणि महिला व पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे एवढे किमान लागते. उताराचा मार्गही हवा. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ नुसार सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येण्याजोग्या असणे बंधनकारक आहे. तरीही ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र पहिल्या मजल्यावर आणि जिना अरुंद, असे दृश्य अपवादात्मक नाही.

यात कायदा आड येतो का?

काही प्रमाणात येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ महापालिकेच्या मालमत्तेच्या विल्हेवाटीविषयी आहे. मालमत्ता विकताना किंवा भाड्याने देताना मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असू नये, असा त्याचा गाभा आहे. पुण्यात त्यासाठी २००८ ची मिळकत वाटप नियमावली आहे. हेतू योग्यच आहे. सार्वजनिक जागा मर्जीतल्या संस्थेच्या घशात नाममात्र भाड्याने जाऊ नये, यासाठी अशी अट लागतेच. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात, जाहिरात न देता आणि इतरांना संधी न देता एका संस्थेला दिलेली भोपाळमधील सरकारी जमीन परत घेण्यास भाग पाडले होते.

अडचण हीच अट वस्तीच्या केंद्राला लागू केल्यावर येते. राज्याने २०१९ मध्ये नियम करून भाडेपट्ट्याचा दर बाजारमूल्याच्या ८ टक्क्यांवर नेला होता. विरोध झाल्यावर तो पुढे बराच खाली आणावा लागला. ८ टक्के म्हणजे काय, हे उदाहरणाने समजते. समजा एका सभागृहाचे बाजारमूल्य एक कोटी रुपये आहे. त्याचे वर्षाचे भाडे आठ लाख, म्हणजे महिन्याला सुमारे ६६ हजार रुपये होते. हे भाडे खासगी क्लास किंवा बँक्वेट हॉल देईल. महिलांचा बचत गट देऊ शकणार नाही.

मार्ग आहे तो भाडेपट्टा आणि वापराची परवानगी यांतील फरकात. भाडेपट्ट्याने जागेवर हक्क निर्माण होतो. ठरावीक तासांच्या परवानगीने तो होत नाही. ताबा महापालिकेकडेच राहतो, किल्ली महापालिकेने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे राहते आणि वापरणारा दोन तासांचे माफक शुल्क देऊन निघून जातो. महापालिकांची नाट्यगृहे, क्रीडांगणे, जलतरण तलाव याच पद्धतीने तासावर मिळतात. नाटकाचा प्रयोग तीन तासांचा असतो म्हणून नाट्यगृह कोणी त्या संस्थेला तीस वर्षांसाठी देत नाही. समाजमंदिरालाही हा न्याय लावता येईल. नियमावलीत सामायिक केंद्रांसाठी असे स्वतंत्र कलम घालणे आवश्यक आहे.

महापालिकेच्या उत्पन्नाचे काय?

हा आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्यावर महापालिकांची भिस्त मिळकतकर, बांधकाम शुल्क आणि जीएसटीच्या भरपाईवर आली. पगार आणि मोठे प्रकल्प यांतून हात मोकळा राहत नाही. अशा वेळी मोक्याच्या जागेचे भाडे सोडून देणे प्रशासनाला जड जाणारच.

पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. बंद सभागृहातून उत्पन्न शून्य असते आणि पडझडीचा खर्च असतोच. सरकारी योजनेतून चालणाऱ्या अंगणवाडीचे भाडे खासगी घरमालकाला जाते. तेच महापालिकेच्या केंद्राला मिळू शकते. अभ्यासिकेत माफक मासिक शुल्क द्यायला विद्यार्थी तयार असतात. रविवारी साखरपुडा किंवा बारशासाठी सभागृह थोड्या चढ्या दराने देता येते आणि त्यातून आठवड्यातील मोफत वापराचा काही भार निघतो. एवढ्याने केंद्र नफ्यात येणार नाही. ते यायलाही नको. उद्यान किंवा ग्रंथालय नफ्यात आहे का, असे कोणी विचारत नाही. मोक्याच्या रस्त्यालगतचे गाळे बाजारभावाने द्यावेत आणि वस्तीतील सभागृहे वापरावर मोजावीत, अशी विभागणी केली तर दोन्ही साधते. आज सगळ्या मिळकतींना एकच फूटपट्टी लागते, हे चुकीचे आहे.

खरी भीती कोणती?

ताब्याची. समाजमंदिर बांधून झाले की वर्षभरात ते कोणत्या तरी गटाचे होते, हा अनेक वस्त्यांचा अनुभव आहे. कधी राजकीय कार्यकर्त्यांचा गट, कधी मंडळ, कधी एकाच जातीचे लोक, तर कधी चांगले काम करणारी पण दुसऱ्याला पाऊल ठेवू न देणारी संस्था. दारावर फलक लागतो आणि फलक पाहूनच अनेकांना कळते की ही जागा आपली नाही. मुली आणि महिला तर उंबऱ्यापर्यंतही जात नाहीत, कारण बाहेरच्या कट्ट्यावर कोण बसलेले असते हे त्यांना माहीत असते.

सामायिक केंद्राची योजना इथेच फसू शकते. ‘स्थानिक समिती चालवेल’ एवढे लिहून प्रस्ताव संपवला, तर ती समिती म्हणजे सर्वांत जोरकस आवाजाची चार माणसे होतील. म्हणून काही अटी सुरुवातीलाच हव्यात. कोणत्याही एका संस्थेला आठवड्यातील एकूण तासांच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त वेळ मिळू नये. वेळापत्रक दारावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर लावलेले असावे. नाकारलेल्या अर्जांची कारणेही तेथेच दिसावीत. महापालिकेशिवाय दुसऱ्या कोणाचा कायमचा फलक नसावा. समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि दोन वर्षांनी समिती बदलावी.

किल्ली कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच सापडू शकते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून बचत गटांचे वस्तीस्तर संघ उभे राहिले आहेत. त्यांना व्यवस्थापनाचे काम मोबदला देऊन करारावर देता येईल. कष्टकऱ्यांच्या संस्थेशी महापालिकेने करार करण्याचे उदाहरणही नवे नाही. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करते. तिच्या कराराच्या नूतनीकरणावरून वाद झाले, पण काम लोकांच्या संस्थेकडून नियमित होऊ शकते हे त्यातून दिसले. स्वयंसेवेच्या भरवशावर रोज सकाळी सहाला दार उघडत नाही. त्यासाठी पगार द्यावा लागतो.

इतर शहरांनी काय केले?

मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्यात, जो २०१८ मध्ये मंजूर झाला, ‘आधार केंद्र’ या नावाने स्वतंत्र आरक्षण आले. बेघरांसाठी निवारे, नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास अशी आरक्षणेही त्यात आहेत. सामाजिक गरजेला नकाशावर जागा आणि नाव मिळाले, ही त्यातील मोठी गोष्ट. आरक्षण प्रत्यक्षात उतरवणे ही पुढची लढाई आहे.

सिंगापूरमधील ‘काम्पुंग ॲडमिरल्टी’ हा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला. एक हेक्टरपेक्षाही कमी जागेत ज्येष्ठांसाठी १०४ घरे, खाद्यपदार्थांचे बाजारगृह, वैद्यकीय केंद्र आणि शेजारी शेजारी पाळणाघर व ज्येष्ठांचे केंद्र असा तो आहे. सिंगापूरचा पैसा आणि शिस्त इथे आणता येणार नाही. पण तेथे अनेक सरकारी यंत्रणांनी आपापले भूखंड न मागता एकाच आराखड्यावर सह्या केल्या, ही गोष्ट पैशाची नाही. कोलंबियातील मेडेयीन शहरात सार्वजनिक सेवा कंपनीने वर्षानुवर्षे कुंपणात असलेल्या पाण्याच्या टाक्यांच्या जागा खुल्या केल्या आणि तेथे वस्तीची केंद्रे उभारली. नवी जमीन न घेता, हातात असलेल्या बंद जागांकडे पाहण्याची दृष्टी त्यांनी बदलली.

पुण्यात सुरुवात कोठून व्हावी?

नोंदवहीपासून. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने आपल्या हद्दीतील मिळकतींची यादी जाहीर करावी. जागा कोठे, क्षेत्रफळ किती, ताबा कोणाकडे, करार कधी संपतो, रोज किती तास वापर होतो. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि आज तोच कोठे दिसत नाही. आरोग्य कोठ्या, बंद शाळांच्या खोल्या, गावांतील जुनी ग्रामपंचायत कार्यालये हेही या यादीत हवे.

त्यानंतर लोकांना विचारणे. त्यासाठी कायद्यात जागा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्रात २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूदही झाली, पण बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांवरून लहान कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. तिच्यातून आजवर बाक, पदपथ, दिवे मागितले गेले. त्याच अर्जातून आपल्या प्रभागातील बंद सभागृहाचे वेळापत्रकही मागता येईल. विचारताना मात्र ‘काय बांधू?’ असे विचारू नये. त्याला प्रत्येकाचे उत्तर वेगळी इमारत हेच येते. ‘कोणत्या वेळी, कशासाठी, किती जण येणार?’ असे विचारले, की वेळापत्रक आपोआप समोर येते आणि खरी भांडणेही बांधकामाआधीच होऊन जातात.

तिसरे पाऊल प्रयोगाचे. प्रत्येक परिमंडळात एक, अशा मोजक्या जुन्या वास्तू निवडाव्यात. दुरुस्ती, उतार, स्वच्छतागृह आणि कपाटे एवढेच काम करावे. तीन वर्षांच्या देखभालीची तरतूद आधी मंजूर व्हावी आणि मगच दार उघडावे. वर्षाअखेरीस किती तास वापर झाला, त्यात महिला, मुले, ज्येष्ठ किती, कोणाला जागा नाकारली, याचा अहवाल मुख्य सभेपुढे यावा. तोवर त्या प्रभागात नवे समाजमंदिर मंजूर करू नये. ही अट नगरसेवकांना रुचणार नाही, पण तिच्याशिवाय बाकीच्या साऱ्या अटी पोकळ ठरतील.

गमावण्यासारखे काय आहे?

गावाला चावडी होती, पार होता, तालीम होती. त्या जागांतही सर्वांना सारखे स्थान नव्हते. दलितांना आणि स्त्रियांना तेथे बसायला मिळत नव्हते, म्हणून त्या आठवणीने हळवे होण्याचे कारण नाही. शहराने त्याहून चांगली जागा देणे अपेक्षित होते, जेथे बसायला कोणाची ओळख लागत नाही. महापालिकेच्या मालकीचे सभागृह ही तशी जागा होऊ शकते, कारण तिचा मालक प्रत्येक करदाता आहे आणि भाड्याच्या घरात राहणारी मोलकरीणही आहे.

अशी प्रत्येक जागा दीर्घ कराराने गेली किंवा एखाद्या गटाच्या ताब्यात रुतली, तर त्या वस्तीतील पुढच्या पिढीला पैसे मोजल्याशिवाय बसता येईल अशी एकही खोली उरणार नाही. उलट, आहेत त्याच भिंती सोळा तास वापरल्या, तर अनेक प्रभागांत नव्या बांधकामाची गरजच पडणार नाही. नव्या सभागृहाने पहिल्या वर्षात कोनशिला किती बसवल्या याऐवजी कुलपे किती काढली, हे मोजले तर पुणेकरांना उत्तर लवकर मिळेल.